विश्लेषण : उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का? मोटारीसाठी योग्य दाब नेमका किती?

समृद्धी महामार्गावर निघण्यापूर्वी ‘ऊन आहे, हवा थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात कमी हवेचाच टायर अधिक तापतो. योग्य दाबाचा आकडा कुठे असतो, तो कधी मोजायचा आणि टायर फुटल्यास जबाबदारी कोणाची, याविषयी...

उन्हाळी सुटीत लांबच्या प्रवासाला निघालेली मोटार पेट्रोल पंपावर हवेसाठी थांबली की ठरलेला संवाद होतो. ‘किती ठेवू साहेब?’ ‘तीसच ठेव दादा. पुढे तापून फुगते.’ शेजारच्या सीटवरून मेहुणे मान डोलावतात, मागच्या सीटवरून काका ‘अठ्ठावीस चालेल’ म्हणतात आणि चार-पाच माणसे, डिक्कीभर सामान घेऊन गाडी १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्याला लागते. ही मंडळी निष्काळजी नसतात. उलट काळजीपोटीच त्यांनी हवा कमी केलेली असते. गरम झाल्यावर हवा प्रसरण पावते हे शाळेत शिकलेले विज्ञान खरे आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे आणि उन्हाळ्यात, वेगात, भरलेल्या गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ आहे का?

नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. प्रकरण २५ ऑक्टोबर २०१० चे. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या तीन सहकाऱ्यांच्या मोटारीचे मागचे चाक फुटले आणि गाडी दरीत कोसळली. त्यात ३८ वर्षांच्या एका प्रवाशाचा जागीच मृत्यू झाला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असून त्यात चालकाचा दोष नाही, हा तिचा एक प्रमुख मुद्दा होता.

न्या. एस. जी. डिगे यांनी तो फेटाळला. दैवी आपत्ती म्हणजे माणसाच्या हातात नसलेली, अनपेक्षित नैसर्गिक घटना. टायर फुटण्याला मात्र अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान अशी अनेक कारणे असू शकतात आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे काम आहे, असा निकालाचा आशय होता. म्हणजे ‘टायर फुटला, त्याला कोण काय करणार’ हे वाक्य गप्पांत चालेल, न्यायालयात चालतेच असे नाही. हवा तपासणे ही गाडीची हौसेने केलेली देखभाल नसून कायदेशीर परिणाम असलेले कर्तव्य आहे, हे या निकालाने अधोरेखित केले.

प्रत्येक वेळी टायरच दोषी असतो असेही नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. टायर हा सोयीचा आरोपी आहे. तो बोलत नाही आणि अपघातानंतर बहुधा फाटलेल्या अवस्थेतच सापडतो.

हवा कमी असताना टायर जास्त का तापतो?

टायर तापण्याचे मुख्य कारण ऊन किंवा रस्ता नव्हे. रबर वारंवार वाकल्याने जी उष्णता तयार होते, ती मुख्य. गाडीचे वजन टायरमधील हवा पेलते. हवा कमी झाली की टायर खालच्या बाजूने अधिक दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात. चाक फिरताना प्रत्येक भाग खाली आला की वाकतो, वर गेला की सरळ होतो. लोखंडी तार पुढे-मागे वाकवत राहिले की ती बोटांना गरम लागते, तसाच हा प्रकार. फरक संख्येचा आहे. छोट्या-मध्यम मोटारींना असतो तसा १८५/६५ आर १५ मापाचा टायर घेतला तर त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने हे चाक एका सेकंदात १७ वेळा फिरते, म्हणजे मिनिटाला हजाराहून अधिक वेळा वाकणे आणि सरळ होणे. तासभर न थांबता हे चालले की ६० हजारांचा टप्पा ओलांडला जातो.

हवा पुरेशी असेल तर प्रत्येक वळसा लहान असतो, तयार झालेली उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते आणि तापमान एका मर्यादेत स्थिरावते. हवा कमी असेल तर उष्णता बाहेर पडण्यापेक्षा तयार होण्याचा वेग जास्त होतो. रबर, आतले कापडाचे पदर आणि पोलादी तारांचे पट्टे एकमेकांना चिकटवलेले असतात. जास्त तापल्यावर ही पकड सैल होऊ लागते. मग पृष्ठभागाचा पट्टा सोलून निघतो किंवा बाजूची भिंत फाटते. बाहेरून आवाज ‘फुटल्याचा’ येतो. प्रत्यक्षात टायर हवेच्या दाबाने फुटलेला नसून उष्णतेने थकून तुटलेला असतो.

गावात ४० च्या वेगाने फिरताना हाच टायर महिनोन्‌महिने तक्रार करत नाही. त्यामुळेच फसगत होते. ‘वर्षभर अठ्ठावीसवर चालवतोय, काही झाले नाही’ हे खरे असते, कारण वर्षभर तो सलग दोन तास १२० च्या वेगाने पळालेला नसतो. समृद्धीसारख्या रस्त्याचा फरक इथे आहे. नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. सिग्नल नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. जुन्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधक चिडचिड करायला लावत असे, पण टायरला तेवढीच विश्रांती मिळत असे.

सिमेंटच्या रस्त्यामुळे टायर फुटतात हा समजही तपासून घ्यायला हवा. उन्हात काळा डांबरी पृष्ठभाग फिकट सिमेंटपेक्षा जास्त तापतो. अनवाणी पायाने दोन्हींवरून चालून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

मग तापल्यावर दाब वाढतो, त्याचे काय?

वाढतो. पण किती, ते पाहू. समजा कंपनीने सांगितलेला दाब ३३ पीएसआय आहे. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड. गेज बाहेरच्या वातावरणाचा दाब धरत नाही. तो समुद्रसपाटीला सुमारे १४.७ असतो. म्हणजे टायरमधला खरा दाब झाला ४७.७. सकाळी २५ अंशांना हवा भरली आणि चालून टायरमधील हवा ५५ अंशांवर गेली, तर वायूच्या नियमानुसार गेजवरचा आकडा ३८ च्या आसपास जातो. ढोबळ हिशोब असा की तापमानात साडेपाच अंशांचा फरक पडला की एका पीएसआयचा फरक पडतो.

तेहतीसचे अडतीस झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. टायर चालताना तापणार, दाब वाढणार हे धरूनच कंपनी थंड टायरचा आकडा ठरवते. मोटारीच्या टायरच्या बाजूवर ‘कमाल दाब’ म्हणून बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय छापलेले असते. तो आकडाही थंड टायरसाठीचा असतो. धडधाकट टायर निव्वळ हवेच्या दाबाने फाडायचा तर याच्या कैक पट दाब लागतो. पाच पीएसआयच्या वाढीने नवा टायर फुटत नाही. पाच पीएसआयची तूट मात्र त्याला प्रत्येक फेरीत जास्त वाकवते.

यातूनच दुसरी घातक सवय जन्माला येते. निम्म्या वाटेवर पंपावर थांबून गरम टायरचा दाब मोजायचा, ३८ दिसले की ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडून ३३ वर आणायची. टायर थंड झाल्यावर तिथे २८-२९ उरते आणि परतीचा प्रवास कमी हवेवर होतो. गरम टायरमधून हवा कधीही सोडू नये.

अमेरिकेत २००० साली काय घडले?

कमी हवा, कडक ऊन, वेग आणि ओझे एकत्र आल्यावर काय होते याचा सर्वाधिक चर्चिलेला दाखला अमेरिकेतला आहे. फोर्ड कंपनीच्या ‘एक्स्प्लोरर’ या मोठ्या गाडीला फायरस्टोन कंपनीचे टायर असत. वेगात असताना टायरचा वरचा पट्टा सोलून निघायचा आणि उंच गाडी कोलांटी खायची. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या नोंदीनुसार या टायरशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या २७१ पर्यंत गेली. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत घटना अधिक होत्या.

टायरच्या रचनेत दोष होता, हे चौकशीत निष्पन्न झाले. पण वादाचा मोठा भाग हवेच्या आकड्यावर झाला. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआयची शिफारस केली होती. फायरस्टोनचे नंतरचे म्हणणे ३० ठेवा असे होते. २६ हा आकडा मुळात कमी. त्यात मालकाने महिनोन्‌महिने हवा तपासली नाही तर तो विशीच्या सुरुवातीला येतो आणि मग उन्हात, भरलेल्या गाडीत, महामार्गाच्या वेगाने सदोष टायरला सावरायला काही उरत नाही. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि जवळपास शतकभराचे व्यावसायिक नाते तुटले. चार पीएसआयवरून एवढे रामायण घडले, हे पंपावर ‘दोन-चार इकडे-तिकडे चालते’ म्हणताना आठवावे.

याच प्रकरणानंतर नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आज अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिसणाऱ्या त्या पिवळ्या दिव्याचे मूळ हे आहे.

तुमच्या गाडीचा योग्य आकडा कुठे सापडतो?

पंक्चरवाल्याकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही आणि टायरवरही नाही. चालकाचा दरवाजा उघडला की दाराच्या चौकटीवर, खांबाच्या बाजूला एक लहान स्टिकर दिसते. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. गाडीच्या माहितीपुस्तिकेतही तोच तक्ता असतो. टायरच्या बाजूवर छापलेला ‘कमाल दाब’ हा त्या टायरची मर्यादा सांगतो. तोच टायर तीन वेगवेगळ्या गाड्यांना बसतो आणि तिन्हींचे वजन वेगळे असते. त्यामुळे तो आकडा भरण्यासाठी नाही. स्टिकरवरचा आकडा मात्र तुमच्या गाडीचे वजन, तिचे पुढे-मागे झालेले वाटप आणि मूळ टायरचे माप धरून काढलेला असतो.

स्टिकर वाचताना तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. पहिली, पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. दुसरी, अनेक गाड्यांत दोन रकाने असतात : एक-दोन माणसे असतानाचा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचा. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा बहुधा बराच वर असतो. रोज एकट्याने कार्यालयात जाणारा माणूस सुटीत पाच जण आणि चार बॅगा घेऊन निघतो तेव्हा त्याचा रकाना बदललेला असतो. म्हणजे जिथे हवा वाढवायला हवी तिथे आपण उन्हाच्या नावाने ती कमी करतो. तिसरी गोष्ट एककांची. स्टिकरवर कधी पीएसआय, कधी किलोपास्कल, कधी बार असते. १०० किलोपास्कल म्हणजे एक बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय. २३० किलोपास्कल लिहिले असेल तर ते ३३ पीएसआय समजावे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, सीएनजीचा. गाडी घेतल्यावर बाहेरून सीएनजी किट बसवले की टाकीचे वजन मागच्या चाकांवर कायमचे येते. स्टिकर मात्र पेट्रोल गाडीचेच राहते. अशा गाडीत मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचा रकाना लागू करणे शहाणपणाचे. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीला तिचे स्वतंत्र आकडे दिलेले असतात, तेच पाळावेत. ऐटीसाठी मोठी अलॉय चाके आणि रुंद टायर बसवणाऱ्यांना स्टिकर तंतोतंत लागू पडत नाही. त्यांनी टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून भारक्षमतेचा तक्ता पाहून आकडा घ्यावा. टायरवरील मापानंतर येणारा ८२, ८८, ९६ असा आकडा भारक्षमतेचा निर्देशांक असतो. ८२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

‘थंड टायर’ म्हणजे नेमके काय?

गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा फार तर दीड किलोमीटर सावकाश चालली असेल, तर तो टायर थंड. हवामान थंड असायची गरज नाही. मेमधल्या नागपुरात पहाटे ३० अंश असले तरी रात्रभर उभ्या गाडीचा टायर या अर्थाने थंडच आणि त्यात स्टिकरवरचाच आकडा भरायचा. ऋतूप्रमाणे आकडा बदलत नाही. बदलते ती भरण्याची वेळ.

विदर्भातलेच उदाहरण पुढे नेऊ. मेमध्ये ३० अंशांच्या पहाटे ३३ भरले. डिसेंबरच्या सकाळी पारा १२ वर आला की केवळ थंडीने सुमारे तीन पीएसआय कमी होतात. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपतच असते. सात महिने कोणी बघितलेच नाही, तर एक पीएसआयच्या हिशोबानेही गेज २३ दाखवेल. पंक्चर नाही, टायर नजरेला बसलेला वाटत नाही, पण जवळपास तीस टक्के हवा गायब. आताच्या रेडियल टायरच्या बाजू मुळातच थोड्या फुगीर दिसतात. पायाने ठोकून किंवा नजरेने अंदाज करण्याची जुनी रीत त्यांना लागू पडत नाही.

पेट्रोल पंप घरापासून पाच-सात किलोमीटरवर असेल तर तिथे पोचेपर्यंत टायर गरम झालेला असतो. यावर सोपा उपाय म्हणजे खिशातला गेज. काहीशे रुपयांत तो मिळतो. सकाळी घराखाली मोजा. एखाद्या चाकात चार पीएसआय कमी असतील तर पंपावर गेल्यावर त्या क्षणी जे काही दिसेल त्यात चार वाढवा. गेज नसेल आणि टायर गरमच असेल, तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा सुमारे चार पीएसआय जास्त भरून दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा तपासणे, हा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. पंपावरची हवा मोफत आहे, ती सुविधा देणे पंपचालकांवर बंधनकारक आहे. यंत्रावरचा आकडा मात्र दरवेळी बरोबरच असतो असे नाही. पाइप दिवसभर जमिनीवर आपटत असतो, कोणाच्या तरी चाकाखालीही येतो. दोन वेगवेगळ्या पंपांवर एकाच टायरचे दोन आकडे आले तर आश्चर्य वाटू नये. घरचा एकच गेज कायम वापरला तर निदान फरक तरी कळतो.

जास्त हवा भरलेली बरी का?

तीही नको. हवा प्रमाणाबाहेर वाढली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा तळहाताएवढा भाग आणखी लहान होतो, पकड घटते. टायर मध्यभागी लवकर झिजतो. ताठ टायर खड्ड्यात आदळला की धक्का शोषला जात नाही, आतले धागे तुटून बाजूला टेंगूळ येते. अशा टेंगळाचा टायर महामार्गावर नेऊच नये. तरीही दोन चुकांत तुलना करायची तर वेगाच्या, लांबच्या प्रवासात दोन पीएसआय जास्त असणे हे पाच कमी असण्यापेक्षा कमी धोक्याचे. इंधनाच्या दृष्टीनेही तसेच आहे : अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशोबानुसार चारही टायरची सरासरी हवा एका पीएसआयने घटली की मायलेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. आकडा किरकोळ वाटतो, पण दहा पीएसआयची तूट वर्षभर बाळगणारे कमी नाहीत.

पावसाळ्यात ‘पकड वाढावी’ म्हणून हवा कमी करणारेही आहेत. साचलेल्या पाण्यावर तर हे अधिकच उलटते. पाणी बाजूला सारण्यासाठी टायरला दाब लागतो. दाब कमी पडला की टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग-ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. विमानांच्या टायरवरील अभ्यासातून निघालेले नासाचे सूत्र मोटारीला लावले तर ३३ पीएसआयचा टायर सुमारे ९५ च्या वेगाला तरंगू लागतो, २५ पीएसआयचा ८३ लाच. मोटारीसाठी हे ढोबळ आकडे आहेत आणि टायर झिजलेला असेल तर याहून कमी वेगातही तेच होते. दिशा मात्र स्पष्ट आहे.

नायट्रोजन भरल्याने प्रश्न सुटतो का?

थोडासा, पण जाहिरातीइतका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून जरा हळू झिरपतो, त्यामुळे दाब अधिक काळ टिकतो. ‘नायट्रोजन तापत नाही, फुगत नाही’ हे मात्र चूक. वायूचा नियम त्यालाही लागू आहे आणि ३३ चे ३८ त्याचेही होतात. नायट्रोजन भरला आहे म्हणून सहा महिने तपासलेच नाही, तर साधी हवा दर पंधरवड्याला तपासणारा अधिक सुरक्षित.

डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, म्हणजे हवा बरोबर आहे?

अमेरिकी नियमानुसार शिफारशीच्या २५ टक्के खाली दाब गेल्यावर दिवा लागणे अपेक्षित असते. ३३ च्या गाडीत म्हणजे पंचविशीच्या आसपास. २७ वर दिवा शांत असू शकतो आणि टायर तापत असतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकात दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे आकडा थेट दिसतो. काहींत ही यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून अंदाज करते; चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तिला फरक कळणे अवघड जाते. भारतात जुलै २०२० मधील दुरुस्तीनुसार ही यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचे किट असलेली साडेतीन टनांपर्यंतची गाडी स्टेपनीशिवाय विकता येते. नवी गाडी घेताना डिक्कीत स्टेपनी आहे की किट, हे पाहूनच सही करावी. बाजू फाटलेला टायर किटने दुरुस्त होत नाही.

हवा बरोबर, पण टायरच जुना असेल तर?

तर आकड्याचा उपयोग मर्यादित. समृद्धीवर अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती यासाठीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर संपला.

गोटा न झालेला टायरही वयाने म्हातारा होतो. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चालणाऱ्या गाड्यांचा धोका इथे आहे. खाचा नव्यासारख्या, पण रबर उन्हापावसात कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या. सेकंड हँड गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे चार आकडे वाचावेत, पाचही चाकांचे.

एवढे करूनही वेगात टायर गेलाच तर ब्रेकवर जोर देऊ नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ घट्ट धरून ॲक्सिलरेटर सावकाश सोडावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि मगच डावीकडे कडेला घ्यावी. प्रवाशांनी कठड्यापलीकडे उभे राहावे, गाडीमागे नाही. चाक बदलताना लक्षात येते ती आणखी एक गोष्ट म्हणजे स्टेपनीची हवा. चार चाके नियमित तपासणारेही पाचवे विसरतात. अनेक गाड्यांत आता अरुंद, तात्पुरती स्टेपनी मिळते. तिचा दाब वेगळा असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि वेगमर्यादा ८०. ती लावल्यावर डावीकडच्या लेनमधून, पुढच्याच बाहेर पडण्याच्या मार्गाने उतरून पंक्चरचे दुकान गाठावे लागते. म्हणून घरून निघतानाच पाचही चाके मोजलेली असावीत.